वंशसंहार कोर्टात सिद्ध करायला इतकी वर्षं का लागतात? अरुशाच्या खटल्यांवरून एक उत्तर

कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "रवांडात १९९४ साली काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं. मग ते कोर्टात सिद्ध करायला दहा-दहा, वीस-वीस वर्षं का लागावीत? आणि एवढं करून साठ-सत्तर जणांनाच शिक्षा होणार असेल, तर या आंतरराष्ट्रीय न्यायालयांचा उपयोग तरी काय?"

तिच्या प्रश्नातला राग रास्त आहे. महाराष्ट्रात सत्र न्यायालयात वकिली केल्यावर मी बरीच वर्षं टांझानियातल्या अरुशा गावी होतो. रवांडासाठीचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरण तिथे बसत असे. त्यात अभियोग पक्षाच्या बाजूने साक्षीपुरावा लावण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून उत्तर तिथल्याच खटल्यांवरून देतो.

एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत रवांडात हुतू अतिरेक्यांच्या हातून आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यातली बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य गटातली. रवांडा सरकारचा आकडा दहा लाखांच्या वर आहे. माणसं मेली हे आरोपीचे वकीलही सहसा नाकारत नसत. भांडण असे ते समोर बसलेल्या या एका माणसाने नेमकं काय केलं आणि ते करताना त्याच्या मनात काय होतं, याचं. यातला दुसरा भाग सगळ्यांत जड जातो.

९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेल्या करारात वंशसंहाराची व्याख्या आहे. एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, गट म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली पाच प्रकारची कृत्यं त्यात मोडतात : त्या गटातल्या लोकांना ठार मारणं, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणं, गट टिकूच शकणार नाही अशी परिस्थिती लादणं, त्यांच्यात मुलं जन्मू न देणं आणि त्यांची मुलं हिसकावून दुसऱ्या गटात नेणं. आपल्याकडे खुनाच्या खटल्यात या माणसाला मारायचा हेतू होता एवढं दाखवलं की पुरतं. इथे त्याच्यावर आणखी एक मजला चढवावा लागतो : हा माणूस मारला गेला तो अमुक गटाचा म्हणून, आणि मारणाऱ्याला तो गटच संपवायचा होता. असं कुणी सहीशिक्क्यानिशी लिहून ठेवत नाही.

या व्याख्येने काय होतं ते कंबोडियाकडे पाहिलं की लक्षात येतं. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसं गेली. २०१८ साली तिथल्या विशेष न्यायालयाने हयात असलेल्या दोन बड्या नेत्यांना शिक्षा दिली, पण वंशसंहाराचा ठपका बसला तो व्हिएतनामी आणि चाम मुस्लिम या अल्पसंख्याकांपुरताच. बहुसंख्य ख्मेर समाजातले बाकीचे लाखो लोक आपल्याच लोकांकडून, राजकारणापायी मारले गेले. त्यांच्या वाट्याला 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' हे कलम आलं. अनेकांना ते कमी दर्जाचं वाटतं. शिक्षेच्या दृष्टीने ते तसं मुळीच नाही. माझं स्पष्ट मत आहे की वंशसंहार हा शब्द मिळाला तरच दुःखाची दखल घेतली गेली, ही समजूत पीडितांना फार त्रास देते. पुराव्यात न बसणारं कलम लावायचा हट्ट अभियोग पक्षावर येतो तोही यातूनच.

रवांडात तर 'गट' या शब्दापासूनच अडचण होती. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात, एकाच डोंगरावर शेजारी राहतात, चर्चही बहुधा एकच. मग हे दोन वेगळे वांशिक गट कसे? न्यायाधीशांना याचं उत्तर मिळालं ते ओळखपत्रात. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात सुरू केलेल्या या कार्डावर माणसाचा गट लिहिलेला असे. मूल बापाच्या गटाचं मानलं जाई. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर अडथळे उभारून आधी हेच कार्ड मागितलं जात होतं, आणि त्यावरच्या एका शब्दावर माणूस पुढे जाणार की तिथेच संपणार हे ठरत होतं. कोर्टात प्रत्येक साक्षीदाराला तू कोण असं विचारलं की तो न अडखळता उत्तर देई. बाहेरच्या अभ्यासकांना काहीही वाटो, त्या देशात, त्या काळात हे गट सरकारदरबारी आणि लोकांच्या मनात पक्के होते, असं न्यायाधीशांनी नोंदवलं.

हे सगळं पहिल्यांदा कसोटीला लागलं ते झ्याँ-पॉल अकायेसूच्या खटल्यात. गितारामा प्रांतातल्या ताबा कम्यूनचा, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासकीय विभागाचा, हा बुर्गमेस्त्र (प्रमुख). आपल्याकडचे सरपंच, तहसीलदार आणि फौजदार यांचे अधिकार एकाच माणसाकडे आले तर गावात त्याचं जे वजन असेल, ते याचं होतं. आधी शिक्षक, मग शाळा तपासनीस, लोकांनी मानलेला माणूस. ७ एप्रिलला देशभर कत्तल सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत त्याने ताबात ती होऊ दिली नाही, हे कोर्टानेही मान्य केलं. १८ एप्रिलला अंतरिम सरकारने गितारामात बुर्गमेस्त्रांची बैठक घेतली. त्यानंतर हा माणूस बदलला. अंगातला सूट जाऊन लष्करी जाकीट आलं. १९ एप्रिलच्या पहाटे गिश्येश्ये इथे जमलेल्या शंभरावर लोकांसमोर त्याने एकमेव शत्रूला संपवा असं भाषण केलं. तो शत्रू कोण हे ऐकणाऱ्यांना सांगावं लागलं नाही. जूनअखेरपर्यंत ताबात किमान दोन हजार तुत्सी मारले गेले.

आता हेतू कसा काढायचा ते पाहा. अकायेसूच्या मनात शिरायची सोय कुणालाच नव्हती. न्यायाधीशांनी भोवतालच्या गोष्टी एकत्र ठेवल्या : देशभर तुत्सींना पद्धतशीर टिपलं जात होतं, म्हातारी माणसं, गरोदर बायका, तान्ही मुलं कुणालाच सोडलं जात नव्हतं, आरोपी काय बोलला, कुणासमोर बोलला, त्यानंतर लगेच काय घडलं, आणि थांबवण्याचा अधिकार असताना तो कुठे उभा राहून पाहत होता. परिस्थितिजन्य पुराव्याची ही साखळी आपल्या सत्र न्यायालयातल्यासारखीच असते. मात्र तिच्यातून वंशसंहाराचा हेतू हा एकच वाजवी निष्कर्ष निघाला पाहिजे. दुसरा कुठला निघत असेल तर त्याचा फायदा आरोपीला.

याच खटल्यात जे घडलं त्याने आमच्या क्षेत्राचा कायदाच बदलला. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता. तपास करणाऱ्यांनी तो विषय नीट विचारलाच नव्हता. १९९७ च्या सुरुवातीला 'जे' या सांकेतिक नावाने साक्ष देणारी बाई वेगळ्याच मुद्द्यावर बोलत असताना सांगून गेली की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. पुढे 'एच' या साक्षीदारानेही स्वतःवरचा अत्याचार सांगितला आणि कम्यूनच्या कार्यालयाच्या आवारात आसऱ्याला आलेल्या बायकांवर काय होत होतं तेही. खंडपीठावर सेनेगलचे लाइती कामा, स्वीडनचे लेनार्ट आस्पेग्रेन आणि दक्षिण आफ्रिकेच्या नवी पिल्लै होत्या. त्यांनी साक्षीदारांना प्रश्न विचारले, ती बाजू सोडून दिली नाही. महिला संघटनांनीही कोर्टापुढे लेखी म्हणणं मांडून तपास वाढवायची मागणी केली. जून १९९७ मध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली आणि नव्या साक्षी आल्या. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की तुत्सी बायकांवरचे बलात्कार हा त्या गटाला नष्ट करण्याच्या प्रक्रियेचाच भाग होता. एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहारासाठी माणसाला दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ, आणि बलात्कारही वंशसंहाराचं कृत्य असू शकतो हेही पहिल्यांदाच. 'जे' त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नापुरतंच उत्तर देऊन थांबली असती, तर हा कायदा कदाचित आणखी कितीतरी वर्षं झाला नसता.

तोच निकाल दुसऱ्या बाजूनेही वाचावा. पंधरापैकी नऊच आरोप सिद्ध झाले. युद्धगुन्ह्यांच्या आरोपांतून अकायेसू सुटला, कारण लष्करी जाकीट घालणं आणि बंदूक बाळगणं एवढ्यावरून तो सैन्याच्या वतीने वागत होता असं म्हणता येत नाही, असं कोर्टाने ठरवलं. पुढे अपिलात त्यासाठी लावलेली कसोटी चुकीची ठरली, पण सुटका कायम राहिली. त्याला जन्मठेप झाली आणि २००१ मध्ये अपिलात ती टिकली. ज्या माणसाविषयी एवढा संताप होता त्याच्याही प्रत्येक आरोपाची अशी वेगळी छाननी झाली, म्हणून त्या नऊ आरोपांवरचा निर्णय आजही कुणाला हलवता येत नाही.

साक्षीदारांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरून हे दिसत नाही. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या खटल्यांत मातीनेही साक्ष दिली. जुलै १९९५ मध्ये तिथे मारलेल्या सात-आठ हजार पुरुष आणि मुलांची प्रेतं काही आठवड्यांनी मूळ खड्ड्यांतून यंत्रांनी उकरून दूरच्या खड्ड्यांत नेऊन पुरली गेली. एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडली. माती, काडतुसांच्या पुंगळ्या, डोळ्यांवर बांधलेल्या चिंध्या जुळवून कोणता खड्डा कोणत्या हत्याकांडाचा हे तज्ज्ञांनी सिद्ध केलं. शिवाय लष्करी बिनतारी संभाषणं आणि हवाई छायाचित्रं होती. अरुशात असं फार थोडं होतं. कागद कमी, शवविच्छेदनं त्याहून कमी. बहुतेक खटले उभे होते ते शेतात राबणाऱ्या माणसांच्या आठवणींवर.

अशा साक्षीदाराला विचारलं जाई : अडथळा तुमच्या घरापासून किती मीटरवर होता? तुम्ही आरोपीला पाहिलंत तेव्हा किती वाजले होते? ज्याच्या घरी घड्याळ नाही, ज्याने आयुष्यात मीटरने अंतर मोजलेलं नाही, तो काय सांगणार? माझ्या समोर बसलेल्या एका आजींनी खिडकीतून बाहेर बोट दाखवून सांगितलं, त्या फाटकाएवढं. मी फाटकापर्यंतचं अंतर टिपून घेतलं. कोर्टात त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. दोन अंतरं जुळेनात, आणि बचाव पक्षाच्या वकिलाने त्यावर बराच वेळ घेतला. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या अशिलाचं उरलेलं आयुष्य त्या अंतरावर टांगलेलं होतं : आजींना तिथून चेहरा दिसू शकत होता की नाही? अकायेसू निकालात न्यायाधीशांनी या गोष्टींचा समंजसपणे विचार केला आहे. तारखा, वेळ, अंतर यांतली तफावत आपोआप खोटेपणा ठरत नाही, आघात आणि मधला काळ लक्षात घ्यायला हवा, असं तिथे म्हटलंय. प्रत्यक्ष उलटतपासणीत तो समंजसपणा दर वेळी वाट्याला येतोच असं नाही.

त्यात भाषेचा अडसर. साक्षीदार किन्यारवांडा या रवांडाच्या भाषेत बोलणार, दुभाषा ते फ्रेंचमध्ये आणणार, दुसरा दुभाषा फ्रेंचचं इंग्रजी करणार, आणि न्यायाधीशाचा पुढचा प्रश्न त्याच वाटेने उलटा जाणार. तपासनिसाने पूर्वी घेतलेला जबाबही असाच कागदावर आलेला. तो साक्षीदाराला नीट वाचून दाखवलेला नसला तर दोन्हींत फरक निघतोच, आणि मग तो फरक साक्षीदाराच्या माथी मारला जातो. दिवसभरात एका बाईची तासाभराची गोष्ट पुरी होत नसे.

साक्ष देऊन ती बाई परत जाई ती त्याच डोंगरावर, जिथे आरोपीचे भाऊबंद शेजारी राहतात. नाव गुप्त ठेवलेलं असे, पण गावातून काही दिवस गायब झालेली बाई कुठे गेली होती हे गावाला कळायला किती वेळ लागतो? बलात्कारातून एचआयव्ही झालेल्या अनेक साक्षीदार बायकांना कित्येक वर्षं औषध मिळालं नाही, आणि अरुशाच्या कोठडीतल्या आरोपींना मात्र संयुक्त राष्ट्रांच्या खर्चाने ते मिळत होतं. कैद्याला औषध मिळायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांच्या तोंडून खटला उभा राहिला त्यांना ते न मिळणं हे मला आजही सहन होत नाही. संस्थेकडे नियम होता, निधीचं शीर्षक नव्हतं, आणि बायका मरत होत्या.

यातूनच उशिराच्या मुद्द्याकडे येतो. उशिराचा काही भाग अपरिहार्य होता, काही भाग अक्षम्य. बुतारे या प्रांतातल्या घटनांवरचा खटला हे अक्षम्य भागाचं उदाहरण. यात सहा आरोपी एकत्र होते. त्यात कुटुंब व महिला कल्याण खात्याच्या मंत्री पॉलिन न्यिरामासुहुको आणि त्यांचा मुलगाही होता. न्यिरामासुहुको यांना १९९७ मध्ये नैरोबीत अटक झाली. खटला २००१ मध्ये सुरू झाला, निकाल लागला २०११ मध्ये आणि अपिलाचा निकाल डिसेंबर २०१५ मध्ये. अटकेपासून शेवटपर्यंत अठरा वर्षं. सहा आरोपी म्हणजे वकिलांचे सहा संच, आणि प्रत्येकाला उलटतपासणीचा हक्क. एकच पीडित बाई त्याच घटनेवर आळीपाळीने सगळ्यांना उत्तरं देत दिवसच्या दिवस उभी. २००१ मध्ये एका बलात्कारपीडितेच्या उलटतपासणीच्या वेळी न्यायासनावर हशा झाला. ही बातमी रवांडात पोचल्यावर कत्तलीतून बचावलेल्यांच्या संघटनांनी न्यायाधिकरणाशी सहकार्यच थांबवलं. आरोपी एकत्र घेतले तर वेळ वाचेल असा मूळ हिशेब होता. माझ्या मते तो सपशेल फसला, आणि दोन-दोन आरोपींचे वेगळे खटले चालवले असते तर सगळे खूप आधी संपले असते. अपील पीठानेच शेवटी मान्य केलं की अवाजवी विलंबामुळे सहाही आरोपींच्या हक्कांचा भंग झाला. शिक्षा घटवण्यामागे तेही एक कारण होतं. न्यिरामासुहुको यांची जन्मठेप ४७ वर्षांवर आली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी दोषी ठरवलेल्या त्या पहिल्या महिला.

वरच्या पातळीवरचे खटले आणखी कठीण. दूर बसून आदेश देणारा, किंवा आदेश न देता नुसतं वातावरण तापवणारा माणूस पकडायचा कसा? अंतरिम पंतप्रधान झ्याँ कांबांडा यांनी १ मे १९९८ रोजी गुन्हा कबूल केला आणि त्यांना जन्मठेप झाली. नंतर कबुली मागे घेण्याचा त्यांचा प्रयत्न अपिलात फेटाळला गेला. कर्नल तेओनेस्त बागोसोरा यांना जग या कटाचा सूत्रधार मानत होतं. त्यांना २००८ मध्ये वंशसंहारासाठी दोषी ठरवलं गेलं, पण वंशसंहाराचा 'कट' रचल्याच्या आरोपातून ते सुटले, कारण ६ एप्रिलपूर्वीची, म्हणजे कत्तल सुरू होण्याआधीची तयारी, शस्त्रवाटप, याद्या यांचा दुसराही अर्थ निघू शकतो असं न्यायाधीशांना वाटलं. पुढे अपिलात त्यांची जन्मठेप ३५ वर्षांवर आली. त्या दिवशी अनेकांना हा अन्याय वाटला. पुराव्याच्या हिशेबाने पाहिलं तर न्यायाधीशांना दुसरा मार्ग दिसत नव्हता.

आरटीएलएम रेडिओ आणि 'कांगुरा' नियतकालिकाच्या खटल्यातही हेच. २००३ मध्ये तिघांना दोषी ठरवलं गेलं तेव्हा द्वेष पसरवणाऱ्या माध्यमांना जगभर इशारा गेला. २००७ मध्ये अपील पीठाने त्यातला बराच भाग कापला. न्यायाधिकरणाचा अधिकार १९९४ या एकाच वर्षापुरता होता, म्हणून आधीच्या वर्षांतले लेख शिक्षेचा आधार होऊ शकत नव्हते. ६ एप्रिलनंतर रेडिओने नावं आणि ठिकाणं सांगून माणसं दाखवून दिली, ते मात्र टिकलं. भडक बोलणं आणि थेट मारायला सांगणं यांतली रेषा कोर्टाला इतकी काटेकोर आखावी लागते. माध्यमांवर खटला भरण्याची भाषा आज सगळीकडे सर्रास होते, तेव्हा हा अपिलाचा निकाल मुळातून वाचावा असं मी प्रत्येक तरुण वकिलाला सांगतो.

न्यायाधिकरणाकडे स्वतःचे पोलीस नव्हते. सुरक्षा परिषदेने ८ नोव्हेंबर १९९४ च्या ठरावाने ते स्थापन केलं, तेव्हा परिषदेवर असलेल्या रवांडाने विरोधात मत दिलं. त्यांना फाशीची तरतूद हवी होती, आणि आधीच्या वर्षांतली तयारीही तपासली जावी असं वाटत होतं. पुढे सगळे साक्षीदार त्याच देशातून आणायचे होते. १९९९ मध्ये झ्याँ-बोस्को बारायाग्विझा या आरोपीला कोठडीत आरोपाविना फार काळ ठेवल्याबद्दल अपील पीठाने सोडून द्यायचा हुकूम केला. रवांडाने सहकार्य तोडलं, आणि काही महिन्यांत नव्या माहितीच्या आधारे तो हुकूम फिरला. कायद्याचं कारण दिलं गेलं. बाहेरच्या दबावाचा त्याच्याशी संबंध नव्हता असं मानणं मला जड जातं.

सगळ्यांत मोठा आक्षेप एकतर्फीपणाचा, आणि तो खरा आहे. तुत्सींच्या वंशसंहाराशी त्याची बरोबरी करण्याचा मुळीच प्रश्न नाही, पण १९९४ मध्ये यादवी युद्धात विजयी झालेल्या, तुत्सींचं वर्चस्व असलेल्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनीही नागरिकांच्या हत्या केल्या. न्यायाधिकरणाच्या अधिकारात ते गुन्हेही बसत होते. त्यांच्यावर अरुशात एकही खटला उभा राहिला नाही. काबगायीजवळ तीन बिशप आणि इतर धर्मगुरूंच्या हत्येची फाईल २००८ मध्ये रवांडाच्याच ताब्यात दिली गेली, आणि तिथल्या लष्करी न्यायालयाने दोन कॅप्टनना दोषी ठरवून तो विषय संपवला. याची किंमत अशी की वंशसंहार नाकारणाऱ्यांना आयतं बोलायला मिळालं.

९३ जणांवर आरोप, त्यातल्या ६२ जणांना शिक्षा, १४ निर्दोष, आणि ३१ डिसेंबर २०१५ ला न्यायाधिकरण बंद. एवढा हा हिशेब. निर्दोष सुटलेल्यांचाही प्रश्न राहिला : त्यांना घ्यायला बहुतेक देश तयार नव्हते. २०२१ च्या शेवटी निर्दोष सुटलेल्या किंवा शिक्षा भोगून झालेल्या आठ जणांना नायजरला पाठवलं, तर तिथल्या सरकारने काही दिवसांत त्यांना देश सोडायला सांगितलं. फरार आरोपी फेलिसियाँ काबुगा २६ वर्षांनी, २०२० मध्ये पॅरिसजवळ सापडले. २०२३ मध्ये ते खटल्याला तोंड देण्याच्या मानसिक स्थितीत नाहीत असं ठरून, न्यायाधिकरणाचं उरलेलं काम चालवणाऱ्या यंत्रणेपुढचं त्यांच्यावरचं कामकाज थांबलं. उशिराचा हाही एक शेवट असतो.

मग उपयोग काय? गुन्हेगारांच्या संख्येत मोजलं तर उपयोग थोडाच. सामान्य आरोपींचं काम रवांडातल्या गाचाचा या गावपंचायतींनी केलं. २०१२ पर्यंत त्यांनी जवळपास २० लाख प्रकरणं हातावेगळी केली. त्यांच्यातही दोष पुष्कळ होते, पण लाखाहून जास्त माणसं तुरुंगात कोंबलेली असताना दुसरा मार्ग नव्हता. बेल्जियम, फ्रान्ससारख्या देशांनी आपल्याकडे लपलेल्यांवर स्वतःच्या न्यायालयांत खटले चालवले, अजून चालवत आहेत.

अरुशाने केलेलं काम वेगळं आहे. २००६ मध्ये अपील पीठाने ठरवलं की १९९४ मध्ये रवांडात तुत्सींचा वंशसंहार झाला ही सर्वज्ञात वस्तुस्थिती आहे, तिचा पुरावा आता प्रत्येक खटल्यात नव्याने द्यायची गरज नाही. तोपर्यंत प्रत्येक आरोपी सगळ्या इतिहासालाच आव्हान देऊ शकत होता. तो एक दरवाजा बंद झाला, आणि तो बंद करण्याइतका पुरावा उलटतपासणीच्या भट्टीतून गेलेला होता. सरकारी अहवालाला, वृत्तपत्राला, स्मारकाला हे जमत नाही, कारण तिथे समोर कुणी प्रश्न विचारणारा वकील नसतो. हेगच्या कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अजून कुणालाही वंशसंहारासाठी दोषी ठरवलेलं नाही. सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्याविरुद्ध २०१० मध्ये त्या कलमाखाली वॉरंट निघालं, तरी ते परदेश दौरे करत राहिले. म्यानमारविरुद्ध गांबियाने किंवा इस्रायलविरुद्ध दक्षिण आफ्रिकेने केलेले दावे वेगळ्या न्यायालयात आहेत, आणि तिथे देशाची जबाबदारी ठरते, माणसाला शिक्षा होत नाही. बातम्या वाचताना ही गल्लत फार होते.

प्रश्न विचारणारीला शेवटी आपल्या देशाकडे पाहायला सांगेन. भारताने १९४८ च्या करारावर १९४९ मध्ये सही केली आणि १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली. करार सांगतो की प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात यासाठी तरतूद करावी. आपण ती आजवर केलेली नाही. भारतीय दंड संहितेत वंशसंहार हा गुन्हा नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या खटल्यात सज्जन कुमार यांना जन्मठेप देताना दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, आणि ही त्रुटी तातडीने दूर व्हायला हवी. त्या निकालात न्यायमूर्तींनी इतर देशांतल्या खटल्यांचीही दखल घेतली आहे. तुम्ही कायदा शिकत असाल तर आधी अकायेसू निकाल वाचा, मग हा दिल्लीचा निकाल, आणि दोन्ही समोर ठेवून एक कलम स्वतः लिहून पाहा : आपल्या संहितेत ते कुठे बसेल, हेतूची भाषा काय असेल, आणि साक्षीदाराचं संरक्षण कोण, कशाच्या पैशाने करेल. शेवटचा भाग मोकळा सोडू नका. अरुशात सगळ्यांत जास्त माणसं तिथेच हरली.